बारा मिलिमीटरचा हिवाळा

नोव्हेंबर सरत आला की जयपूरमधलं आमचं घर एक मजला वर सरकतं. खाली फरशी इतकी गार पडते की पायमोजे घालूनही तळवे बधिर होतात, आणि गच्चीवर मात्र दहाच्या सुमाराला असं उबदार ऊन येतं की आई, बाबा आणि मी सतरंजी, पेपर, शेंगदाण्यांची पुडी घेऊन वर जातो ते दुपार कलेपर्यंत खाली येत नाही. शेजारच्या गच्चीवर भाभी मटार सोलत बसलेल्या असतात. आमच्या अख्ख्या मानसरोवर कॉलनीच्या गच्च्यांवर याच वेळी माणसं उगवतात. संक्रांतीचे पतंग इथे डिसेंबरातच उडायला लागतात, आणि कोपऱ्यावरचा गजकवाला तिळाच्या खुसखुशीत वड्यांसाठी तीळ कुटत असतो त्याचा धपधप आवाज वरपर्यंत ऐकू येतो. यंदाचं पहिलं असं ऊन मागच्या रविवारी पडलं. बाबा कठडा धरत धरत वर आले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले. खुर्चीचं तोंड मात्र त्यांनी उन्हाकडे न करता गच्चीवरच्या खोलीकडे करून घेतलं.

त्या खोलीत एक रेल्वे आहे. प्लायवुडच्या दोन फळ्यांवर डोंगर, दरी, दोन पूल, एक स्टेशन आणि या सगळ्यातून वळणं घेत जाणारे रूळ. दोन रुळांमधलं अंतर बारा मिलिमीटर. माझ्या करंगळीच्या रुंदीएवढं. या बारा मिलिमीटरांनी आमच्या घरात जेवढी भांडणं लावली तेवढी कुठल्या नातेवाइकाने लावली नसतील. आणि तरी मला आयुष्यातला एक हिवाळा पुन्हा मिळणार असेल तर मी तीन वर्षांपूर्वीचा, या खोलीतलाच मागेन.

बाबा स्टेशन मास्तर होते. आम्ही मूळचे अकोल्याकडचे वानखडे. बाबांची भरती जयपूरकडे झाली आणि मग सगळी नोकरी राजस्थानातल्या लहान लहान स्टेशनांवर गेली. मी हिंदी शाळेत शिकले. माझ्या मराठीत दर चौथ्या वाक्याला ‘मतलब’ येतो, आणि बाबांची वऱ्हाडी मात्र चाळीस वर्षांत केसभर हललेली नाही. त्या काळात सिंगल लाइनवर ड्रायव्हरच्या हातात टोकन पडल्याशिवाय गाडीला पुढे जायची परवानगी नसे. वेताच्या मोठ्या कड्यात अडकवलेलं ते टोकन बाबा फलाटाच्या टोकाला उभे राहून, धावत्या इंजिनाच्या ड्रायव्हरच्या दंडात अचूक सरकवत. मी ते लहानपणी पाहिलेलं आहे. एकदाही त्यांचा हात चुकला नाही.

तेव्हा जयपूरहून निघालेली मीटर गेजची गाडी खांडव्यावरून थेट अकोल्याला जायची. मीटर गेज म्हणजे एक मीटर रुंदीचे रूळ, आताच्या मोठ्या रुळांपेक्षा बरेच अरुंद. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पासवर त्या गाडीत बसायचो आणि गाडी न बदलता आजोळी उतरायचो. मेळघाटात धूळघाटाजवळ रूळ डोंगराला असा वळसा घेत की गाडी थोड्या वेळाने मघाच्याच रुळांच्या वरून, पुलावरून जायची. बाबा आम्हा सगळ्यांना खिडकीशी ओढून सांगायचे, ‘पाहा, आत्ता आपण तिथं होतो.’ आता जयपूरला मोठे रूळ आले, घाटातली गाडी बंद पडली. बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी तो वळसा गच्चीवर बांधायला घेतला.

आता रेल्वेची मॉडेलं जगभर बनतात, पण त्यातली आपली कुठली नसतात. परदेशातून येणारी मॉडेलं महाग तर असतातच, शिवाय त्यांच्या स्टेशनांच्या छपरांवर बर्फ असतो. झाडं सुरूची. फलाटावरची माणसं लांब कोट घालून, हातात छत्री घेऊन उभी, जणू त्यांना कुठे जायचीच घाई नाही. आणि त्यांचे रूळ निघतात साडेसोळा मिलिमीटरचे, आमच्या मापात न बसणारे. बाबांनी गंमत म्हणून मागवलेला एक परदेशी कुली होता. तो त्यांनी आठ दिवस स्टेशनवर ठेवून पाहिला आणि मग काढून टाकला. म्हणाले, ‘हा आपल्या लोकायचं सामान उचलनार नाही.’

त्यामुळे सगळं घरी. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे डबे, खिडक्यांना साडीच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिक. घोसाळं वाळवून निघणाऱ्या जाळीची झाडं. सागाच्या जंगलातला पाचोळा म्हणून चहाचा वाळवलेला चोथा. आई या सगळ्या कारभाराला नावं ठेवत असे, पण चोथा तीच उन्हात पसरत असे. मी चुकून एकदा गाळणं कचऱ्यात झटकलं तर ओरडली, ‘फेकू नको व संगे, तुह्या बाबाचं जंगल अजून अर्धच झालं हाय.’

कागदाची चाकं मात्र होत नाहीत. बाबांच्या फोनवर एक ग्रुप आहे, देशभरातल्या अशाच वेड्या लोकांचा. इंदूरकडचे एक निवृत्त गार्ड, म्हैसूरच्या एक शाळामास्तरीण, जोधपूरचे दातांचे डॉक्टर. सगळ्यांचे डबे सुंदर आणि सगळ्यांचे डबे काड्यापेट्यांवर ठेवलेले, कारण बारा मिलिमीटरची चाकं आपल्याकडे कुणीच बनवत नाही. बाबांचं मत असं की कुठेतरी एक स्वस्तात बनवणारा भला कारखानदार नक्की आहे, त्याला फक्त कुणी सांगितलेलं नाही. म्हणून ते सांगायला बसले. ग्रुपवरच्या सगळ्यांच्या मागण्या गोळा करून त्यांनी एक यादी केली. ती यादी मी अजून जपून ठेवली आहे. मीटर गेजचं वाफेचं इंजिन. चार चाकांच्या बोग्या. हात खाली पडणारे सिग्नल. इंजिनात पाणी भरायचा वॉटर कॉलम. तीन लिप्यांत नाव लिहिलेला पिवळा बोर्ड. लाल बादल्या, वाळूसकट. पाणपोईवरची बाई, एक. ट्रंकेवर बसून डुलक्या काढणारा फेटेवाला. बकरी दोन नग, पैकी एक बसलेली. आणि धुकं. हे बाबांनी खरोखर लिहिलं होतं, ‘धुकं, छोट्या पुड्यांत.’ जयपूरच्या जानेवारीत धुक्याने गाड्या किती खोळंबतात हे ज्याने आयुष्यभर फलाटावर ऐकून घेतलं, त्याला धुक्याशिवाय स्टेशन पुरं वाटणार तरी कसं.

ती यादी त्यांनी हिंदीत, रेल्वेत सामान मागवायचा अर्ज करतात तशी केली. विषय, संदर्भ, अनुक्रमांक, नग. मी टाइप केली आणि जयपूरच्या आसपासच्या दहा-बारा कारखान्यांना पाठवली. आठवड्याने मालवीय नगरच्या माझ्या ऑफिसात फोन आला. एक कारखानदार होते, लोखंडी कामं करणारे. म्हणाले, ‘मैडम, वाटर कॉलम तो बना देंगे, पर ट्रक आपकी गली में घुसेगा क्या? सिगनल के खंभे भी लंबे हैं, क्रेन लगेगी। और एक बात, ये बकरी हम सप्लाई नहीं कर पाएँगे।’ मला आधी काही कळेना. मग यादी काढून पाहिली. चाळीस ओळींच्या त्या यादीत मापाचा उल्लेखच नव्हता. चाळीस वर्षं खऱ्या सामानाचे अर्ज लिहिणाऱ्या माणसाने खऱ्या सामानाचाच अर्ज लिहिला होता.

घरी येऊन सांगितलं तर आई हसता हसता खाली बसली. बाबा अजिबात ओशाळले नाहीत. ‘माप काय लिहाचं त्याच्यात? सत्त्याऐंशीनं भागलं की झालं,’ म्हणाले. त्यांच्या डोक्यात सगळं जगच सत्त्याऐंशीने भागून ठेवलेलं होतं. एक मीटरचे रूळ भागिले सत्त्याऐंशी म्हणजे जवळपास बारा मिलिमीटर, खरा माणूस भागिले सत्त्याऐंशी म्हणजे दोन सेंटिमीटर. मी त्या कारखानदारांना परत फोन करून खुलासा केला. ते बिचारे चिडले नाहीत, खूप हसले आणि म्हणाले की हे लोखंडवाल्याचं कामच नाही, जौहरी बाजारात जा, दागिने ओतणाऱ्यांना विचारा. आमच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. ज्या शहरात बोटाच्या पेरावर मावणारा मोर, त्याच्या पिसाऱ्यासकट, चांदीत ओततात, त्या शहरात राहून आम्ही लोखंडाच्या कारखान्यांत चाकं शोधत होतो.

पण या सगळ्याच्या आधी मला एक गोष्ट कळली होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. यादी टाइप करताना शेवटची, चाळिसावी ओळ मला वाचताच येईना. बाबांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. ही ओळ मात्र वेडीवाकडी होती, नंतर कधीतरी घातलेली. ‘डबा रुळावर चढवण्यासाठी छोटा उतार, कारण हातानं नेम धरून ठेवता येत नाही.’ मी वर जाऊन पाहिलं. नव्या डब्याच्या खिडक्यांच्या कडा दातेरी कापल्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेताना त्यांचा उजवा हात मी पहिल्यांदा नीट पाहिला. डॉक्टरांनी हाताच्या कंपाला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हा थांबणार नाही, हळूहळू वाढेल. बारीक काम होईल अजून थोडे महिने, एखादा हिवाळा धरून चाला. बाबांना हे मी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतं, हे मला यादीवरून कळायला हवं होतं.

बनवारीजी जौहरी बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली बसतात. चांदीच्या अंगठ्या आणि पैंजणांचे घुंगरू ओतणं हा त्यांचा पिढीजात धंदा. आधी मेणाचा नमुना करायचा, त्यावरून साचा, साच्यातून हवे तितके मेणाचे नग, मग ते प्लास्टरमध्ये बुडवून भट्टीत मेण वितळवायचं आणि त्या रिकाम्या जागेत धातू ओतायचा. बाबांनी आपली पेन्सिलीची चित्रं काढून दाखवली. बनवारीजींनी डोळ्याला भिंग लावून प्रत्येक चित्र इतक्या निवांतपणे पाहिलं की त्यांच्या दारात उभं असलेलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. त्यांच्या लहानपणी घराजवळून मीटर गेज जायची म्हणे. ‘बना दूँगा,’ ते म्हणाले. ‘पीतल में ढाल दूँगा, सस्ता पड़ेगा। पर दो बातें हैं, मास्टर साब। ब्याह-शादी का टैम है, इस सीजन में एक ही साँचा निकाल पाऊँगा। और मोम का नमूना आपको ही काटना पड़ेगा। इंजन मैंने भी देखा है, पर आपकी तरह थोड़े ही देखा है।’

एक साचा. मी लगेच म्हणाले, इंजिन. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. बाबा तो वळसा बांधत होते ते त्यावरून गाडी जाताना बघायला. डब्यांना चाकं पुढच्या वर्षी मिळाली असती, पण त्या इंजिनाचा नमुना बाबांशिवाय कुणी कोरू शकत नव्हतं, आणि बाबांकडे हातांचा एकच हिवाळा होता.

बाबा वहीची पानं मागे-पुढे करत राहिले. मग बनवारीजींना म्हणाले, ‘बोगी बनाइए।’

‘बाबा,’ मी म्हणाले.

‘इंजिन बनलं तं माही एक गाडी चालन,’ ते माझ्याकडे न बघता बोलले. ‘बोगी बनली तं ज्याले पाह्यजे त्याची चालन.’

बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा. पुढे एक, मागे एक. लोक अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतात याचा बाबांना फार राग आहे. परतताना बडी चौपडवरून मानसरोवरची मेट्रो पकडली. मला वाटत होतं, हा हट्ट आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पुढे पाठवल्या, आता स्वतःच्या एका गाडीसाठी तरी स्वार्थी व्हावं ना माणसाने. घराजवळ आल्यावर मी हे त्यांना बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं. मग गजकवाल्याकडे थांबून आईसाठी गजक घेतली आणि वर चढले.

त्यानंतरचे सहा आठवडे हा तो हिवाळा. सकाळची गोळी घेतल्यावर साधारण दोन तास हात बरा राहायचा. तेवढ्यात ऊन खोलीत यायला हवं. आईने जयपुरी रजईची घडी करून टेबलावर ठेवली होती, बाबा त्यावर दोन्ही कोपरं रुतवून बसत आणि दाढीच्या ब्लेडच्या तुकड्याने निळ्या मेणातून स्प्रिंगा कोरत. तांदळाच्या दाण्याएवढी एक स्प्रिंग. आम्ही त्या दोन तासांत दाराची कडी वाजवत नसू, मिक्सर लावत नसू. शेजारच्या भाभींनाही आईने सांगून ठेवलं होतं, की मास्टरजींचं काम चालू असताना लाल मिरच्या कुटायच्या नाहीत. पहिला नमुना दहाव्या दिवशी मोडला. दुसरा जवळजवळ पुरा झाला होता, हात उडाला आणि मधोमध चीर गेली. बाबांनी ते तुकडे गोळा केले, वाटीत घालून वितळवले आणि त्याच मेणाचा तिसरा ठोकळा ओतला. मी ऑफिसला जायच्या आधी रोज दारात उभी राहून पाहायची. नोकरीतही मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, पण या सहा आठवड्यांत मला त्यांचा जो अभिमान वाटला तो तेव्हाही वाटला नव्हता. तिसरा नमुना संक्रांतीच्या आधी पुरा झाला. तो घेऊन बनवारीजींकडे जाताना मेट्रोत बाबांनी नमुन्याचा डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता आणि मी माझे दोन्ही हात त्यांच्या हातांवर ठेवले होते.

बनवारीजींनी नमुना भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिला. मग भिंग काढून त्यांनी बाबांना विचारलं, ‘ये हाथ की बीमारी कब से है?’ जन्मभर बारीक काम केलेल्या माणसाला ते कळलं होतं. बाबांनी सांगितलं. बनवारीजी म्हणाले की मी माझ्या कारागिरांना हा नमुना दाखवणार आहे, आणि साच्याचं वेगळं काही घ्यायचं नाही असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

पहिल्या बोग्या आल्या तेव्हा आकाशात पतंग मावत नव्हते. पिवळ्याधमक, घुंगरांसारख्या. चाकं तेवढी शेजारच्या लेथवर फिरवून घेतलेली. बाबांनी एक बोगी आरशाच्या काचेवर ठेवली, फुंकर मारली आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. आईने टाळी वाजवली. मग आम्ही तिघं पाकिटं भरायला बसलो. इंदूरकडे, म्हैसूरला, जोधपूरला, आणि कुठे कुठे. मार्चपर्यंत फोनवर व्हिडिओ येऊ लागले. काड्यापेट्यांवरून उतरून डबे चालायला लागले होते. म्हैसूरच्या बाईंनी तर खेळण्यातली मोटर बसवून स्वतःचं इंजिनही जोडलं होतं. बाबा प्रत्येक व्हिडिओ दोनदा बघत आणि कुणाचा डबा कुठे उंच बसलाय हे बारकाईने कळवत. त्याच होळीला रंगाची पुडी उघडताना त्यांच्या हातून सगळा गुलाल सांडला. त्यानंतर त्यांनी ब्लेड हातात घेतलं नाही.

मी या लोकांचा खूप विचार करते. बाजार ज्याला गिऱ्हाईक म्हणतो त्यात हे बसत नाहीत. त्यांना नवं काही नकोच असतं. जे बंद पडलं, उखडलं गेलं, भंगारात गेलं, तेच त्यांना हवं असतं, फक्त हातावर मावेल एवढं. आणि ते नुसतं मागत नाहीत, चुकीचं असेल तर परत करतात. सिग्नलचा हात दोन अंश वर राहिला तर त्यांना झोप लागत नाही. पूर्वी मला याचं हसू यायचं. आता वाटतं, कुठल्याही कारखानदाराने अशा लोकांसाठी एकदा तरी काम करावं. बनवारीजी आता दर हिवाळ्यात एक साचा काढतात. मागच्या वर्षी सिग्नल झाले, यंदा वॉटर कॉलम होतोय, नमुने जोधपूरचे डॉक्टर कोरून पाठवतात. दातांचं काम करणारा हात आहे, चांगला कोरतो. इंजिन मात्र त्यांनाही जमलं नाही. दोनदा पाठवलं, बाबांनी दोन्हीदा पाहिलं, कौतुक केलं आणि खरं ते सांगितलं, की हे आपलं इंजिन नाही.

तर मागच्या रविवारी बाबा खोलीकडे तोंड करून बसले होते. रूळ वळशापर्यंत पुरे झालेत. शेवटचा पूल मी बसवला, त्यांनी खुर्चीतून सांगितलं तसा. एक डबा तयार आहे, लग्नपत्रिकांचा, खाली त्यांच्या दोन बोग्या. मी म्हणाले, ‘इंजिन नाही तर काय करायचं, बाबा? ठेवून देऊ?’

‘नव्या लायनीवर आधी गाडी नसते नेत,’ बाबा म्हणाले. ‘आधी ट्रॉली ढकलत नेतात. मानसं पायी चालतात मागं. चाल, ढकल.’

मी त्यांना फळीजवळ खुर्ची सरकवून दिली. डबा रुळावर चढवला आणि मागून एका बोटाने ढकलायला लागले. स्टेशन गेलं, पाचोळा गेला, चढ सुरू झाला. बाबांनी हनुवटी फळीच्या कडेला टेकवली होती, डोळे रुळांच्या पातळीला. ‘हळू,’ म्हणाले, आणि माझा वेग आवरायला त्यांनी आपला हात माझ्या मनगटावर ठेवला. हात थरथरत होता. त्याची थरथर माझ्या मनगटातून बोटात उतरली आणि डबा हलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, बारीक बारीक. मी घाबरून थांबले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल, आणि आता डबा घसरेल.

‘थांबली काऊन?’ बाबा म्हणाले. त्यांनी डोळे रुळांवरून हलवले नव्हते. ‘मीटर गेजचा डबा असाच डोलत जाये, संगे. बराबर असाच.’

त्यांनी हात काढला नाही. आम्ही दोघांनी मिळून तो डबा तसाच डोलत डोलत वळशावरून पुलावर नेला. खाली मघाशी मागे टाकलेले रूळ दिसत होते.